‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ दीडपट वेगाने? मग बघूच नका!

रीळवाला: काल इथे कुणीतरी या वाळवंटातल्या युद्धाच्या सिनेमाबद्दल लिहिलं, ‘लॉरेन्समध्ये नुसती वाळू. ओमर शरीफ येईपर्यंत झोप लागते. दीडपट वेगाने बघा, काही बिघडत नाही.’ बिघडतं! मृगजळातून उंटावरचा ओमर शरीफ दुरून ठिपक्यासारखा येतो, त्या शॉटला कॅमेरामन फ्रेडी यंगने 482 मिमीची लेन्स लावली होती. एवढी लांब लेन्स मधलं अंतर चेपते, म्हणून उंट चालतोय पण जवळ येताना जाणवत नाही. त्यात तापलेल्या हवेची थरथर. येणारा माणूस की भास, आपला की वैरी, हे कळायला वेळ लागतो. दिग्दर्शक डेव्हिड लीनने तो वेळच चित्रित केलाय.

भोचक_भाऊ: लेन्स पुरे. 1962 च्या डिसेंबरात आलेल्या सिनेमातली वीसेक मिनिटं काही आठवड्यांतच कापली, 1971 मध्ये तो 187 मिनिटांवर आणला. लांबी जास्त आहे हे बनवणाऱ्यांनाच पटलं होतं.

रीळवाला: अर्धीच गोष्ट सांगताय. 1989 मध्ये जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या रॉबर्ट हॅरिसने कापलेले तुकडे परत जोडले. काहींचा आवाज हरवला होता, म्हणून लॉरेन्स झालेला पीटर ओ'टूल, अ‍ॅलेक गिनेस या नटांनी इतक्या वर्षांनी पुन्हा डबिंग केलं. नट जॅक हॉकिन्स हयात नव्हते, त्यांना चार्ल्स ग्रे या नटाचा आवाज दिला. तेव्हा लीनने स्वतः कात्री चालवली. मृगजळाचा तो शॉट मात्र ठेवला.

बखरकार: मला इतिहास खटकतो. सिनेमात लॉरेन्स आणि अरब तुर्कांचं अकाबा बंदर जिंकतात, पण त्याची खरी लढाई 2 जुलै 1917 ला अबा अल लिसान या ठिकाणी झाली. अकाबा 6 जुलैला जवळजवळ न लढता पडलं. आणि पडद्यावरचं अकाबा तर स्पेनमध्ये कार्बोनेरासजवळ बांधलेलं!

पडदा_ताई: बखरकार, तारखा बरोबर. पण घोडदौडीबरोबर सरकणारा कॅमेरा शेवटी समुद्राकडे तोंड केलेल्या तोफेवर थांबतो. हल्ला जमिनीवरून आला आणि तोफा समुद्राकडे, ही तुर्कांची चूक एका शब्दाविना कळते. ते सेटवरच जमणार.

आणि भाऊ, दोष तुमच्या टीव्हीचा असू शकतो. आधी ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. टीव्ही मधल्या फ्रेम अंदाजाने बनवतो, थरथरत्या हवेत अंदाज चुकतो आणि उंटाच्या कडा वितळतात. मग ‘नॉइज रिडक्शन’ शून्यावर, नाहीतर वाळूचे कण पुसले जाऊन पिवळा चिखल उरतो. ‘झूम’ तर नकोच. चित्र 2.20:1 चं, म्हणजे उंचीच्या 2.2 पट रुंद आहे, पडदा भरायला गेलात की रुंदीचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. 55 इंची टीव्हीवर चित्राची उंची जेमतेम 55 सेंमी, तेव्हा सहा फुटांवर बसा. बाराव्या फुटावरून उंटाचा तो ठिपका दिसणारच नाही.

भोचक_भाऊ: सिनेमा बघायला एवढी खटपट करावी लागत असेल तर तो सिनेमाचाच दोष!

पडदा_ताई: 65 मिमी रुंद निगेटिव्हवर, थिएटरच्या पडद्यासाठी काढलाय. घरचा टीव्ही तुम्ही निवडलात.

भोचक_भाऊ: बरं, मृगजळाचं मान्य. वाळवंटात मागे राहिलेल्या गासिमला शोधायला लॉरेन्स परत जातो, तो प्रसंग तरी लांबलेलाच.

रीळवाला: ती लांबीच तर हवी! आय. एस. जोहरचा गासिम सूर्याखाली एकटा पाय ओढत चालतो, ते पूर्ण सोसलं तरच पुढे लॉरेन्स त्याच गासिमला स्वतःच्या हाताने गोळी घालतो तेव्हा घाव बसतो. दीडपट वेगात तुम्ही त्याला नीट भेटलाच नव्हता.