'शीघ्र हस्तक्षेप' वाचून आजी घाबरल्या. दुसरा शब्द सुचवा

अंगणातली जाई
एका शब्दावर अडले आहे. मी न्यू जर्सीत असते. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतची जी मुलं वाढीत मागे आहेत किंवा ज्यांना अपंगत्व आहे, त्यांच्या घरी जाऊन काम करते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतात म्हणून मराठी घरं माझ्याकडे दिली जातात. या सेवेला इथे 'अर्ली इंटरव्हेन्शन' म्हणतात. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तिचा पाया घातला. मुलाचं नाव कळवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी होऊन कुटुंबाबरोबर आराखड्याची बैठक व्हावी लागते, आणि तपासणीआधी आईवडिलांची लेखी संमती त्यांना कळेल अशा भाषेत घ्यावी लागते.

गेल्या आठवड्यात २६ महिन्यांच्या एका मुलाच्या घरी गेले होते. संमतीपत्राच्या मराठी प्रतीत 'अर्ली इंटरव्हेन्शन'साठी मी 'शीघ्र हस्तक्षेप' लिहिलं होतं, कारण भारतातल्या सरकारी कागदांवर तेच वाचलंय. नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजींनी कागद हातात घेतला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हस्तक्षेप कोण करणार? इथलं सरकार? पोराला घेऊन जातात का?" आईने उघडलेलं पेन तसंच मिटलं. सही झाली नाही.

बरोबरही असेल आणि घाबरवणारही नाही, असा शब्द आहे का?

शब्दवेल्हाळ
हस्त अधिक क्षेप. हात टाकणे, हात घालणे. मुळात यात वाईट काही नाही. प्रक्षेप, निक्षेप, आक्षेप हे सगळे याचे भाऊबंद. 'न्यायालयाने वेळीच हस्तक्षेप केला' हे आपण समाधानानेच म्हणतो. पारिभाषिक शब्द वापरून रुळतात. दर वेळी कुणी दचकलं म्हणून शब्द बदलत बसलो तर मराठीत परिभाषा कधी उभीच राहणार नाही. आजींना अर्थ समजावून सांगा, शब्द राहू द्या.

उंबरठा
न्यायालय हस्तक्षेप करतं ते दोन पक्षांचं भांडण असतं तेव्हा. घरात बाहेरच्याने केलेल्या हस्तक्षेपाला आपण ढवळाढवळ म्हणतो. आजींनी बरोबर मराठी वाचलं.

आणि मला तर त्याहून 'शीघ्र' खटकतो. शीघ्रकवी, शीघ्रकोपी: मराठीत शीघ्र म्हणजे वेग. इथे मुद्दा वेगाचा नाही, वयाचा आहे. 'शीघ्र हस्तक्षेप' म्हणजे साध्या मराठीत घाईघाईने केलेली ढवळाढवळ.

शब्दवेल्हाळ
मग 'लवकर' घ्याल? त्यातही वेग आहेच. 'लवकर चल' म्हणजे भराभर, 'लवकर उठतो' म्हणजे वेळेआधी. संस्कृतात लव म्हणजे निमिषाहूनही लहान काळ. 'लवकर' तिथूनच आला, असं माझं ठाम मत आहे.

कौलारू
आमच्या आजोबांच्या पत्रांत सगळीकडे 'लौकर' आहे. 'लव' पासून असता तर 'लौ' कशाला झालं असतं?

शब्दवेल्हाळ
'अव'चा 'ओ' किंवा 'औ' होणं अगदी नेहमीचं आहे. लवण आणि लोण घ्या, नवमी आणि नौमी घ्या.

सातपुडा
मी धारणीकडे काम केलंय, मेळघाटात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्यात ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी असते आणि जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी पाहतात. मुलांना पुढे ज्या जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, त्याला कागदावर काही म्हणा, आम्ही आयांना एवढंच सांगायचो: "लेकराची वाढ तपासायला चला."

जाईताई, तुमची अडचण एका शब्दाची आहे. तिथल्या कोरकू आदिवासी घरात मराठीच दुसरी भाषा असते. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. एकदा सहा महिन्यांच्या मुलीच्या आईला मी विचारलं, "मान धरली का?" सोबतच्या बाईंनी ते शब्दाला शब्द ठेवून कोरकूत सांगितलं. त्या आईने लगेच मुलीच्या मानेमागे हात घातला आणि मान घट्ट धरून दाखवली. चेहरा असा, की हे काय विचारणं झालं, मी तर रोज धरते. त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं. बाळाला उताणं ठेवायचं, दोन्ही हात धरून हळूच उठवायचं, डोकं मागे पडतं का ते आईसोबत बघायचं.

उंबरठा
मान धरणे! किती नेमका शब्द आहे. बाळ स्वतः मान धरतं, दुसरं कुणी नाही. कूस बदलतं, पालथं पडतं, सरपटतं, रांगतं, धरून उभं राहतं. वाढीची अख्खी पट्टी आयांच्या बोलण्यात आधीपासून आहे, आणि आपण कागदावर 'स्थूल कारक विकास' लिहितो.

शब्दवेल्हाळ
'स्थूल कारक विकास' लिहिल्याशिवाय प्रशिक्षणाचं पुस्तक होत नाही. आईशी बोलण्याची भाषा वेगळी आणि शास्त्राची वेगळी. त्या दोन्ही हव्यात.

पाठची बहीण
माझ्या पाठच्या भावाला जन्मतःच मेंदूचा पक्षाघात. आमच्या घरी कागद बदलत गेले तसे शब्द बदलले. आधी अपंग, मग विकलांग. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' सुचवला आणि दाखल्यावर तो आला. मला तो आवडत नाही. भावाच्या पायात दिव्य काही नाही, त्याला जिन्याशेजारी उतार हवाय. जाईताईंनी वर सरळ 'अपंगत्व' लिहिलं, ते मला बरं वाटलं.

कौलारू
माझ्या मुलीला मात्र 'दिव्यांग'च चालतो. 'अपंग' म्हटलं की तिला शाळेतली चिडवाचिडवी आठवते. कुणाला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

पाठची बहीण
मान्य. पण दाखल्यावर काय असावं हे कुणी तिला विचारलं नाही आणि माझ्या भावालाही नाही.

नदीकाठ
मी नाशिकला वाचा-उपचार करते. इंटरव्हेन्शनपेक्षा मला 'डिले' जास्त अडतो. 'विलंब' म्हटलं की आईबापांना गाडीचा विलंब वाटतो: उशिरा का होईना, येणारच. मग ते वर्षभर वाट पाहतात. त्यात घरातली मोठी माणसं सांगतात, याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले. 'मागे आहे' म्हटलं तर आई रडते. 'मंद' तर तोंडातूनही काढत नाही. हल्ली मी सांगते, "बोलणं अजून आलेलं नाही, आणि आपण नुसतं थांबून राहायचं नाही."

अंगणातली जाई
नदीकाठ, हे वाक्य मी वापरणार आहे.

बोलण्यावरून सांगते. याच मुलाच्या जुन्या इंग्रजी अहवालात '६ शब्द, बाकी अर्थहीन आवाज' असं आहे. मराठी येणारं कुणी तेव्हा सोबत नव्हतं. मी आजींना विचारलं, दिवसभर तो काय काय म्हणतो? त्या बोटं मोजत गेल्या. मंमं, दुदू, भूर, गाई, बाऊ, माऊ, काऊ, बाप्पा, नको, आलं, संपलं. हे आवाज नाहीत, शब्द आहेत. भूर म्हणत तो चप्पल घेऊन दाराशी जातो. गाई म्हणत आईच्या खांद्यावर डोकं टेकवतो. दोन भाषांच्या घरात दोन्हीकडचे शब्द एकत्र मोजायचे असतात. मोजले तर १७ भरले. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द असावेत आणि दोन शब्द जोडता यावेत असा अंदाज धरतात, म्हणजे मदत हवीच आहे. पण ज्याला १७ गोष्टी सांगता येतात त्याच्याबरोबर कामाची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून होते.

आजींना हेही सांगितलं की घरात मराठी बंद करू नका. त्यांना आधी कुणीतरी सांगितलं होतं, दोन भाषांमुळेच बोलत नाही, फक्त इंग्रजी बोला. आजींना इंग्रजी येत नाही. चार महिने त्या नातवाशी जवळजवळ गप्प होत्या.

उंबरठा
चार महिने. ज्या बाईला मंमं आणि भूर सगळ्यात चांगलं येतं, तिलाच गप्प केलं.

शब्दवेल्हाळ
हे वाचून वाईट वाटलं. माझं वरचं बोलणं कागदापुरतं होतं. मराठी बंद करायला सांगणाऱ्याचं कोणत्याही शास्त्राच्या नावाखाली समर्थन होऊ शकत नाही.

'भूर' हा भुर्रकन उडण्यातला. आणि 'गाई' अंगाईतला, मला वाटतं.

कौलारू
गाई म्हणजे गाणे, गाऊन झोपवणे, असं असेल. अंगाईच उलट तिथून आली असेल.

सातपुडा
मूळ प्रश्नावर एक सुचवतो: 'लहान वयातला हातभार'. हात तोच, फक्त टाकण्याऐवजी लावायचा.

शब्दवेल्हाळ
हातभार उत्तम शब्द आहे, पण 'हातभारक' म्हणाल का ते काम करणाऱ्या माणसाला? विशेषण, नाम, कर्ता हे सगळं निघायला हवं, तरच तो परिभाषेत टिकतो.

उंबरठा
काम करणाऱ्या माणसाला त्या घरात 'ताई' म्हणत असतील.

अंगणातली जाई
ताईच म्हणतात.

गुरुवारी परत जातेय. कागदावर तूर्त 'अर्ली इंटरव्हेन्शन' हेच देवनागरीत ठेवलंय आणि खाली दोन ओळी लिहिल्यात: आम्ही तुमच्या घरी येऊ, तुमच्यासमोर मुलाशी खेळू, रोजच्या कामात काय करायचं ते तुम्हाला दाखवू. मूल तुमच्याजवळच राहील.

शब्दवेल्हाळ
म्हणजे शेवटी इंग्रजीच राहिलं. मला हे मान्य नाही, पण ती शेवटची ओळ काढू नका.

नदीकाठ
बाऊबद्दल एक विचारायचं होतं. आमच्याकडे 'बाऊ झाला' म्हणजे लागलं, खरचटलं. पण 'बाऊ आला' म्हटलं तर तो बागुलबुवा. तुमचा मुलगा कोणत्या अर्थाने म्हणतो?

अंगणातली जाई
गेल्या वेळी माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला. आईने त्याचं बोट, गुडघे, कपाळ सगळं तपासलं, कुठे लागलंय म्हणून. आजी म्हणाल्या, लागलं नाही, घाबरलाय. पिशवीतून चावीचं माकड डोकावत होतं. ते आता घरी काढून ठेवलंय.