आईला घेऊन आषाढी वारी चालायची आहे, गर्दीत कसं निभवायचं?

नागपूरची लेक

राम कृष्ण हरी मंडळी.

यंदा आईला घेऊन माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालायचं मनात आहे. आई ६७ वर्षांची. रोज सकाळी चार-पाच किलोमीटर फिरते. मधुमेह आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात आहे. अंगाने लहानखुरी. आमच्या ओळखीत वारीला जाणारं कुणी नाही. आई मात्र कित्येक वर्षं वारीचं घेऊन बसली आहे आणि आता तिला थांबवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

भीती गर्दीची. दिवे घाटाची दृश्यं पाहिली की छातीत धस्स होतं. तिथे तिचा हात सुटला तर? मोबाइल लागत नाहीत म्हणतात. बायकांच्या शौचालयाचं, आंघोळीचं कसं असतं? एकजण म्हणाले, पालखीच्या एक दिवस पुढे चाला, गर्दी लागणार नाही. दुसरे म्हणाले, गाडीने थेट पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीला जा आणि शेवटचा टप्पा तेवढा चाला. आईला पूर्ण वारी हवी आहे. ज्यांनी वारी केली आहे त्यांनी सांगावं.

लोणंदची सून

ताई, आईंना जरूर आणा. मी सासूबाईंच्या दिंडीत चालते, रथामागच्या. आमच्यात पंचाहत्तरीच्या बाया आहेत आणि चढाला त्या माझ्या पुढे असतात.

पहिली गोष्ट, दोघी सुट्या चालू नका. दिंडीत जा. टीव्हीवर जी रेटारेटी दिसते ती बहुतेक दिंड्यांच्या बाहेरची असते. दिंडीच्या आत ओळ असते. पुढे पताका, मग चार-चार पाच-पाचच्या रांगेत टाळकरी, मध्ये मृदंग, मग वीणेकरी, त्यांच्या मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया आणि मग आम्ही सगळ्या. मध्ये कुणी घुसायला लागलं तर कडेचे टाळकरी हात आडवा धरतात. अभंग जसा चालतो तशी पावलं पडतात, त्यामुळे मागच्याने ढकलण्याचा प्रश्नच येत नाही. लहानखुऱ्या माणसाला याच्याइतकी सुरक्षित जागा सगळ्या वाटेवर नाही.

एक दिवस पुढे चालण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, दवाखान्याची पथकं, गावोगावची पंगत, सगळं पालखीच्या तारखेला लागतं. एक दिवस आधी गेलात तर रिकामं माळरान मिळेल आणि मधुमेह असलेल्या बाईला वेळेवर जेवण मिळण्याची खात्री नाही.

गर्दी सगळीकडे सारखी नसते, हेही लक्षात घ्या. आळंदीचं प्रस्थान, पुण्यातले मुक्काम आणि पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात दाट. पुण्या-मुंबईची हजारो माणसं तेवढ्या एका दिवसापुरती येतात आणि सासवडहून परत फिरतात. तो टप्पा लांबही आहे, तीस किलोमीटरच्या वर, आणि घाट हडपसर ओलांडल्यावर उन्हात लागतो. आईंना त्या दिवशी पुण्याहून चालू देऊ नका असं मी म्हणेन. दिंडीच्या सामानाच्या गाडीत म्हाताऱ्या माणसांना बसवून सासवडला पुढे नेतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. घाट चालायचाच असेल तर वडकी नाल्याच्या विसाव्यापासून दिंडीत शिरा आणि डोंगराच्या अंगाने चाला. रथाला जादा बैलजोड्या लावतात तिथे थांबून बघायला जाऊ नका, सगळी कोंडी तिथेच होते.

जेजुरीला भंडारा उधळतात तेव्हा पुन्हा दाटी. वाल्ह्यापासून श्वास मोकळा होतो. नीरा नदीवर माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात तिथे घाटावर उतरू नका, पुलाच्या अलीकडे थांबा. पुढे लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते ही माझी सगळ्यात आवडती वाट. लोणंद ते तरडगाव तर इतकं थोडं अंतर आहे की आईंचे पाय विसावतील. हवामानही तिथून बदलतं. सासवडपर्यंत पाऊस झोडपतो, फलटणच्या पुढे ढग नुसते दिसतात आणि ऊन लागतं. एक दिवसाची वारी करणाऱ्यांनी खरं तर या पट्ट्यात यावं, वारी कशी चालते ते तिथे कळतं आणि घाटातला भारही कमी होईल. वेळापूरपासून गर्दी पुन्हा वाढते आणि वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात.

आता हात सुटण्याचं. दिंडीचा क्रमांक आईंना पाठ करून घ्या. नुसता आकडा नको. 'रथापुढे अमुक' किंवा 'रथामागे तमुक' असं पूर्ण. पुढे-मागे न सांगता नुसता आकडा सांगितला तर माणूस भलत्याच तंबूत जाऊन बसतो. ट्रकवर, तंबूवर, पताकेवर हाच क्रमांक असतो आणि वाटेवर कुणालाही विचारलं तरी सांगतात. कागदावर क्रमांक, तुमचा नंबर, गोळ्यांची नावं लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पोलक्याच्या आत पिनेने टाचा. गळ्यातलं ओळखपत्र गर्दीत तुटतं. मोबाइल तळावर खरंच लागत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि संध्याकाळी समाजआरती असते. पालखी तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार, म्हणजे पालखीची शिस्त राखणारे मानकरी, दंड उंच करतात आणि आवाज तोडल्यासारखा थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात. पिशवी, चष्मा, पाकीट, माणसंसुद्धा. मी तिथे एका आजींना त्यांच्या दिंडीत परत जाताना पाहिलं आहे. दिवसभर दुसऱ्याच दिंडीत जेवून-खाऊन त्या अगदी आरामात होत्या.

देहूकडचा टाळकरी

वरच्या ताईंनी सगळं नीट सांगितलं आहे. एक सुचवतो, तुकोबांच्या पालखीचाही विचार करा. लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, अकलूज असा मार्ग. दिवे घाट नाही, रोटी घाट आहे, तो त्या मानाने सोपा. यवतला पिठलं-भाकरी, काटेवाडीला धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्याचं गोल रिंगण. पहिल्यांदा येणाऱ्या वयस्क माणसाला मी हीच वाट सांगतो. पुणे सोडलं की गर्दी बरीच विरळ होते.

लोणंदची सून

दादा, तुमची वाट सोपी आहे हे मान्य. पण आईंच्या मनात माऊली असतील तर माऊलींबरोबरच चालू द्या. इतक्या वर्षांची ओढ आहे त्यांची.

फिरता दवाखाना

मी वारीत औषधोपचाराच्या तंबूत सेवा देते, म्हणून मधुमेहाबद्दल दोन शब्द. आईंना अनवाणी चालू देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते. फोड फुटून चिघळलेला असतो आणि माणसाला पत्ता नसतो. रोज मुक्कामाला तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. चपला-बूट दोन महिने वापरलेले हवेत, नवे मुळीच नकोत. मोजे रोज कोरडे. वारीत चालणं वाढतं, जेवण मागे-पुढे होतं, साखर एकदम उतरू शकते. गोळ्यांचं प्रमाण निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं विसंगत वाटलं तर आधी साखर द्या, मग रुग्णवाहिका बघा. १०८ ला फोन लागला नाही तर कडेच्या पोलिसांना सांगा, त्यांच्याकडे बिनतारी यंत्रणा असते. एकादशीचा उपास कडक नको.

नागपूरची लेक

सगळ्यांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रथामागे कितवी, ते आधी विचार."

अजून तीन गोष्टी. तिला रिंगण बघायचं आहे, तिथे चेंगराचेंगरी होते का? आंघोळ-शौचालयाचं राहिलंच. आणि पंढरपुरात ती दर्शनाच्या बारीत किती वेळ उभी राहणार?

लोणंदची सून

रिंगण दाखवा. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण पहिलं असतं, पण रस्त्यावरच असल्याने जागा अपुरी. त्यापेक्षा पुरंदवडे किंवा खुडूसचं गोल रिंगण बघा, मोठं मैदान असतं. आपल्या दिंडीबरोबर आखलेल्या जागी बसून घ्या. घोडे धावताना काही होत नाही, माणसं श्वास रोखून जागेवर असतात. धोका त्यानंतर. माऊलींचा अश्व फेरी पुरी करून गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला चहूबाजूंनी लोक झेपावतात. तेवढी पाच-दहा मिनिटं आईंना खाली बसवून ठेवा, तुम्ही त्यांच्या पाठीशी उभ्या राहा. माती नंतरही मिळते, दिंडीतलं कुणीतरी पदरात घेऊन येतंच. मग उड्यांचा खेळ होतो, तो निवांत बघा. आणि वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा असतो, सगळी दिंडी पळत सुटते. आईंनी तिथे पळायचं नाही. आधीच कडेला येऊन सगळे गेल्यावर सावकाश उतरायचं.

आंघोळीचं म्हणाल तर पहाटे तीनला उठायची तयारी ठेवा. तेव्हा टँकरला रांग नसते, अंधार असतो आणि चार काठ्यांना साड्या बांधून आम्ही आडोसा करतो. पाचनंतर बादली मिळणंही मुश्कील. शौचालयंही त्याच वेळी स्वच्छ असतात. दिवसा वाटेत लागलं तर रस्त्यालगतच्या घरात मोकळेपणाने विचारा. वारीच्या दिवसांत बाया दार लावूनच घेत नाहीत. पाणी कमी प्यायचं, म्हणजे जावं लागणार नाही, असं आपल्या बायका करतात. ते आईंना करू देऊ नका, चक्कर येऊन पडणाऱ्यांत अशाच जास्त असतात.

पंढरपूर. एकादशीला आईंना पदस्पर्शाच्या बारीत उभं करू नका. रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि त्याही पुढे. त्या दिवशी चंद्रभागा, पुंडलिक, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन, एवढ्यावर आमच्या दिंडीतली निम्मी माणसं तृप्त असतात आणि वारी त्यांनी पुरी मानलेली असते. नदीला पाणी सोडलेलं असेल तर आत जायचं नाही, वाळवंटात काठावर बसून तांब्याने अंघोळ घालायची. नदीच्या तळाला खड्डे आहेत, ते वरून दिसत नाहीत.

विठोबाचं दर्शन हवंच असेल तर पौर्णिमेपर्यंत राहा. द्वादशीला पारणं सोडून बरीच माणसं परतीच्या गाड्या धरतात. त्या दिवशी एसटी स्टँडकडे फिरकूसुद्धा नका. वारीत देव झोपत नाही म्हणून देवाचा पलंग काढलेला असतो, प्रक्षाळपूजेपर्यंत (वारीनंतर देवाचा शिणवटा घालवायची पूजा) मंदिर चोवीस तास उघडं असतं. त्रयोदशी-चतुर्दशीच्या रात्री दोन-अडीचला बारीत लागा. तेव्हाही वेळ लागतो, पण उभं राहवतं. तेवढंही नको असेल तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती लवकर सरकते. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन निघा.

दिंडीची चौकशी चैत्र-वैशाखातच करा, नंतर जागा राहत नाही. भिशी, म्हणजे दिंडीत भरायचे पैसे, किती ते विचाराच, पण त्याआधी हे विचारा: बायका किती, त्यांचे तंबू वेगळे आहेत का, दिंडीचा स्वतःचा टँकर आहे का, आणि चालवेनासं झालं तर गाडीत बसवतात का. शेवटच्याला आढेवेढे घेतले तर ती दिंडी सोडा. नाव नोंदवताना दोघींची एकाच पावतीवर घाला, म्हणजे तंबू एकच मिळतो. आणि आईंच्या पिशवीला बाहेरून ठळक रंगाची चिंधी बांधा. ट्रकमधून सामान उतरतं तेव्हा सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात.