कूपरला मोडीत काढायच्या आधी 'पायोनियर्स' वाचा

रानवाट: काल इथे एकाने लिहिलं, अमेरिकन कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर वाचणं म्हणजे वेळ वाया, मार्क ट्वेनने १८९५ मध्येच त्याची पिसं काढली, विषय संपला. वाचून डोकंच फिरलं. ट्वेनचा तो लेख सगळ्यांना पाठ, कूपर कोणी उघडतसुद्धा नाही. मान्य, त्याची माणसं नको त्या क्षणी वाळक्या काटकीवर पाय देतात, वाक्यं संपता संपत नाहीत. पण १८२३ च्या 'पायोनियर्स'मध्ये गाव कबुतरांच्या थव्यावर चक्क तोफ डागतं आणि कादंबरीतला म्हातारा शिकारी नॅटी बंपो एकच पक्षी पाडून सगळ्यांना सुनावतो की ही नासाडी आहे. त्या जातीचं शेवटचं कबुतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. नव्वद वर्षं आधी ज्याला हे खुपलं तो माणूस टाकाऊ?

तिखटमीठ: कबुतरं दिसली, माणसं नाही दिसली. 'लास्ट ऑफ द मोहिकन्स' १८२६ चं आणि मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलायचा कायदा १८३० चा. 'शेवटचा' म्हणून टाकलं की जमीन मोकळी. मोहिकन लोक आजही विस्कॉन्सिनमध्ये आहेत हो! आणि त्यातल्या मोहिकन नायकाचं अंकस हे नाव कनेटिकटच्या मोहेगन सरदाराचं, म्हणजे दोन जमातींची खिचडी. काटकीचं सोडा, हा खरा गुन्हा.

रानवाट: कायदा काय कादंबरीने केला? नॅटीचा जिवाभावाचा सोबती मोहिकन सरदार चिंगाचगूक आहे, आणि त्या काळात किती गोऱ्या लेखकांनी असा माणूस इतक्या आदराने उभा केला ते सांगा.

तिखटमीठ: आदराने उभा केला आणि आदरानेच संपवला. आदिवासी पाड्यावर सहा वर्षं शिकवलंय मी. पाहुणे येऊन पोरांसमोरच 'लुप्त होत चाललेली संस्कृती' म्हणतात तेव्हा त्या पोरांची तोंडं बघा एकदा.

मधलीआळी: तुमचं चालू द्या, पण हा माणूस मुळात जमीनदार, हे कोणी बोलतच नाही. कूपरस्टाउन हे गाव बापाने वसवलेलं. ऑट्सेगो तळ्याकाठी थ्री माइल पॉइंटला गावातले लोक वर्षानुवर्षं सहलीला जायचे, तर १८३७ मध्ये याने नोटीस लावली, परवानगीशिवाय यायचं नाही. आमच्याकडे घाटावर जायची पाणंद होती. शहरातल्या एकाने जागा घेतली, तारेचं कुंपण घातलं, आणि आजी शेवटपर्यंत डोक्यावर धुणं घेऊन लांबच्या वाटेने गेली. असल्या माणसाने रानातल्या मोकळेपणावर लिहू नये.

सातबारा: अहो, ती जागा कूपर घराण्याचीच होती, बापाच्या मृत्युपत्रात तसं लिहिलेलं. आणि लोकांनी तिथलं बापाच्या आठवणीचं झाड तोडलं होतं. माझ्या बांधावरचा आंबा असाच गेला, 'सगळ्यांचाच आहे' म्हणत. मालकाने काय बघत बसायचं?

मधलीआळी: एका झाडासाठी अख्खं गाव बाहेर? लोकांनी सभा घेतली, वाचनालयातून याची पुस्तकं काढा असा ठराव केला. तेवढं चिडायला कारण लागतं.

सातबारा: आणि पेपरवाल्यांनी वाट्टेल ते छापलं म्हणून त्याने अब्रुनुकसानीचे खटले भरले आणि बहुतेक जिंकले. कोर्टाने ऐकलं, तुम्ही ऐकत नाही. पाणंद सरकारी नकाशात असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करा, कूपरवर राग कशाला?

मधलीआळी: तीन अर्ज झालेत. आजी गेली. कायदा शिकवू नका मला.

रानवाट: धागा कूपरवर आहे!!

तिखटमीठ: कूपरवरच चाललंय की. गावाचं की घराण्याचं यावर भांडताय, पण बापाने जागा घ्यायच्या आधी त्या भागात हॉडेनोसॉनी म्हणजे इरोक्वॉय हे मूळ रहिवासी राहत होते, ते दोघांच्याही तोंडी नाही. नेमकं हेच म्हणत होते मी.

सातबारा: ...ते खरं. सातबारा तिथून सुरू करावा लागेल.

रानवाट: ताई, पण हा प्रश्न 'पायोनियर्स'मध्येच आहे. म्हातारा चिंगाचगूक त्याच तळ्याजवळच्या डोंगरावर मरतो, आणि हरिणाच्या शिकारीवरून पेटलेल्या प्रकरणात नॅटीला गावाचा जमीनदार जज टेंपल तुरुंगात टाकतो. तो जज बराचसा कूपरच्या बापावरून घेतलेला. स्वतःच्या घराला आरोपी केलंय त्याने.

तिखटमीठ: तोफेचं प्रकरण काल रात्री वाचलं. चांगलं आहे, चला. चिंगाचगूकला मात्र तिथेही मारलाच ना त्याने.