नागपूर आणि परिसरातील कोणता उत्सव पाहुण्यांना दाखवावा?

धरमपेठकर

नमस्कार मंडळी,

साताऱ्याकडे राहणारी माझी आत्या, तिचा मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू असे कुटुंब दरवर्षी एखाद्या उत्सवाच्या निमित्ताने प्रवास करते. पंढरपूरची वारी, पुण्याचे गणपती आणि कोल्हापूरचे नवरात्र त्यांनी पाहिले आहे. यंदा त्यांना विदर्भात यायचे आहे आणि दिवस ठरवण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे. आत्याला फार वेळ उभे राहवत नाही. नातवाला मात्र सगळे जवळून पाहायचे असते.

मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन, पोद्दारेश्वर राममंदिराची रामनवमीची शोभायात्रा आणि रामटेकची त्रिपुरी पौर्णिमा एवढे पर्याय माझ्या मनात आहेत. यांपैकी बाहेरगावच्या माणसाने आवर्जून अनुभवावे असे काय आहे, आणि तेथे पाहुणा म्हणून वावरताना कोणते भान ठेवावे, हे जाणकारांनी सांगावे.

इतवारीकर

धरमपेठकर भाऊ, माझे उत्तर निःसंशय पोळा आणि मारबत हे आहे. गणपती, नवरात्र आणि रामनवमीचे उत्सव थोड्याफार फरकाने इतर शहरांतही पाहायला मिळतात. मारबतीची अशी मिरवणूक मात्र नागपूरचीच.

श्रावण अमावास्येला पोळा असतो आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या करीला, इतवारी भागात काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. नागपूरच्या भोसले घराण्यातील बांकाबाईंनी इंग्रजांची बाजू घेतली, त्या रोषातून काळी मारबत निघाली, असे जुनी माणसे सांगतात. काही जण तिचा संबंध पूतनेशी जोडतात. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाची. ती जागनाथ बुधवारीतून निघते आणि लोकांचे रक्षण करणारी म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. त्यामुळे मिरवणुकीच्या आधी लेकरांना घेऊन तिच्या दर्शनाला येणाऱ्या बायका तुम्हाला दिसतील. एकाच दिवशी एकीला धिक्कारायचे आणि दुसरीला हात जोडायचे, आणि शेवटी दोघींनाही गावाबाहेर नेऊन जाळायचे, ही रीत कोणी समजावून सांगितली नाही, तर पाहुण्याला नुसता गोंगाटच दिसेल.

मारबतींच्या सोबत बडगे असतात. कामट्या, कागद आणि कापड यांचे हे पुतळे त्या त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे असतात: महागाई, भ्रष्टाचार, साथीचे रोग. प्रत्येक बडग्याच्या गळ्यात पाटी असते आणि ती वाचण्यासाठी लोक माना उंचावत असतात. नातवाला त्या पाट्या वाचायला लावा. वर्षभर शहर कशावर चिडले होते, हे त्याला त्यावरून कळेल. "ईडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी तर तो तासाभरात शिकेल.

दोन्ही मारबतींची गाठ नेहरू पुतळ्याजवळ पडते आणि गर्दीचा कळसही तेथेच असतो. लहान मुलाला आणि वयस्कर आत्याबाईंना तेथे मुळीच उभे करू नका. मिरवणुकीच्या वाटेवर ओळखीचे घर असेल तर त्यांची सोय गच्चीत करा. पुतळे आदल्या दिवशी संध्याकाळीच जवळून पाहून घ्या, कारण मिरवणुकीच्या दिवशी धक्काबुक्कीत रंगकाम पाहायला सवड मिळत नाही.

त्याच दिवशी दुपारनंतर तान्हा पोळा असतो. लाकडी नंदीबैल सजवून मुले मैदानात रांगेने उभी राहतात आणि मग घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागत फिरतात. नातवासाठी चाकांचा एक लाकडी बैल आधीच घेऊन ठेवा. बघ्यांच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा बैलाची दोरी हातात असलेला मुलगा त्या उत्सवात सहज सामावला जातो.

अजनीची

इतवारीकरांनी मारबतीविषयी लिहिले ते योग्यच आहे. मी दीक्षाभूमीविषयी लिहिते, कारण प्रश्नात तिचे नाव इतर उत्सवांच्या ओळीत आले आहे आणि तेथे जाण्याची तयारी थोडी निराळी असावी लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या वर्षी दसरा त्याच तारखेला आला होता. म्हणून आजही मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला होतो, तर १४ ऑक्टोबरलाही लोक अभिवादनासाठी येतात. बाहेरगावचे लोक नुसती तारीख पाहून आरक्षण करतात आणि मुख्य सोहळा त्यांच्या हातून निसटतो. तेव्हा तिथी आधी तपासा.

माझ्या मते तेथे पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुस्तकांची दुकाने. स्तूपाचे दर्शन घेऊन आलेली माणसे, ज्यांच्या अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांवर रात्रभराच्या रेल्वेप्रवासाची धूळ असते, रस्त्याकडेच्या ताडपत्रीवर वाकून पुस्तके निवडत असतात. एखाद्या आजीला अक्षर लागत नाही, तर ती नातीकडून मुखपृष्ठावरचे नाव वाचून घेते, कमरेची पिशवी सोडून नोटा मोजते आणि ते पुस्तक पदराखाली धरून निघते. इतकी माणसे प्रवासाच्या शिदोरीतून पैसे वाचवून ग्रंथ घरी नेतात, असा दुसरा मेळावा माझ्या पाहण्यात नाही. तुमच्या पाहुण्यांनी निदान एक तास या दुकानांसाठी ठेवावा आणि एखादे पुस्तक विकतही घ्यावे.

भान विचारले आहे म्हणून सांगते. येथे येणाऱ्यांसाठी हा दिवस माणूस म्हणून मिळालेल्या प्रतिष्ठेचा आहे. आतल्या दर्शनरांगेत शांतता राखावी आणि कोणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नये, विशेषतः मोकळ्या जागेत झोपलेल्या किंवा जेवणाऱ्या कुटुंबांचा. आम्ही काही जणी दरवर्षी भोजनदानात वाढायला उभ्या असतो. पाहुण्यांनी संकोच न करता पंगतीत बसावे; तेथे कोणी कोणाला गाव किंवा जात विचारत नाही. त्यांना वाढायला यायचे असेल तर त्याचाही आनंदच होईल.

आत्याबाईंसाठी मात्र हा दिवस कष्टाचा ठरेल. वाहनांना दूरवरच अडवतात आणि रहाटे कॉलनीच्या मेट्रो स्थानकावरून आले तरी पुढे गर्दीतून चालावे लागते. त्यांना दोन-तीन दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर सकाळी न्या. स्तूपाखालचा तो विस्तीर्ण गोल सभामंडप तेव्हा निवांत बसून पाहता येतो.

धरमपेठकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अजनीच्या ताई, पुस्तकांचा मुद्दा मी भावाला जसाच्या तसा कळवतो. त्रिपुरी पौर्णिमेविषयी कोणी सांगेल का? आणि आत्याने ताजबाग दर्ग्याविषयीही विचारले आहे.

उमरेड रोडवासी

ताजबाग माझ्या घराजवळ आहे, म्हणून आधी त्याविषयी. तेथे ज्यांची समाधी आहे त्या सूफी संत बाबा ताजुद्दीन यांचे निधन १९२५ साली झाले. राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना इस्पितळातून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवले होते, त्यामुळे नागपूरकर हिंदू घरांतही त्यांच्याविषयी श्रद्धा आहे. उरूस मोहरम महिन्यात असतो आणि चांद्र कालगणनेमुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. आत्याबाईंना इतर कोणत्याही दिवशी सकाळी दर्गा दाखवता येईल. तेथे बसायला भरपूर जागा आहे.

रामटेक नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. कार्तिकात गडावर यात्रा भरते आणि पौर्णिमेच्या रात्री मंदिराच्या माथ्यावर त्रिपूर पेटवतात. देखावा अपूर्व असतो, पण रात्रीची गर्दी आणि परतीची वाहने यांचा विचार करता मुक्कामाची सोय असल्याशिवाय जाऊ नये. रामनवमीची शोभायात्रा भव्य असते. तरी तेवढ्यासाठी साताऱ्याहून यावे, असे मी म्हणणार नाही.

तुमच्या मंडळींची गरज पाहता मी इतवारीकरांशी सहमत आहे. फक्त पोळ्याचा दिवस शहरात घालवू नका, त्या दिवशी खेड्यात जा.

धरमपेठकर

पोळाच निश्चित करतो. कळमेश्वरकडे आमच्या सोयरिकीतले एक शेतकरी कुटुंब आहे. तेथे किती वाजता पोहोचावे आणि काय पाहावे?

इतवारीकर

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच पोहोचा. त्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळतात आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे त्यांना निमंत्रण देतात. घरधनी हे किती हलक्या हाताने करतो ते पाहा. जू बसून निबर झालेल्या कातडीवर तो पुन्हा पुन्हा हात फिरवतो आणि बैल मान खाली घालून उभा राहतो.

पोळ्याच्या दिवशी सकाळी बैल धुतात, शिंगे रंगवून त्यांना बेगड लावतात, नवी वेसण घालतात आणि पाठीवर झूल टाकतात. दुपारी उन्हे कलली की सगळ्या जोड्या आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. मग झडत्या सुरू होतात. एक जण पीकपाणी, सावकार, सरकार यांवर चार ओळी म्हणतो आणि शेवटी सगळे "हर बोला हर हर महादेव" म्हणतात. तोरण तुटले की पोळा फुटतो आणि बैल उधळल्यासारखे घराकडे निघतात. त्या क्षणी नातवाला रस्त्याच्या मध्ये उभे राहू देऊ नका. घरी बैलांचे पाय धुऊन, ओवाळून त्यांना पुरणपोळी देतात आणि त्यानंतरच माणसे जेवायला बसतात. बैल नेणाऱ्या गड्याला आणि मुलांना बोजारा द्यायचा असतो, त्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवा.

दाराशी पळसाच्या फांद्या ठेवलेल्या दिसतील. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून मारबतीच्या नावाने ओरडत गावाच्या शिवेवर टाकतात. ते पाहून लगेच निघालात, तर मिरवणूक भरात येण्याआधी इतवारीत पोहोचाल. आत्याबाईंना आखराजवळच्या एखाद्या ओट्यावर बसवा. गावातल्या म्हाताऱ्या बायका तेथेच जमतात आणि त्या त्यांना एकटे वाटू देणार नाहीत.