बोर्डाला सोडचिठ्ठी नको
बारावीचं बोर्ड पासापुरतं करा आणि सगळा जोर सीईटीवर, म्हणजे राज्याच्या अभियांत्रिकी-फार्मसी प्रवेश परीक्षेवर लावा, असं कुणीतरी सुचवलंय. मला नाही पटत. या सीईटीत (एमएचटी-सीईटी) सुमारे ८० टक्के भर बारावीच्याच अभ्यासक्रमावर असतो, मग बोर्डाची पुस्तकं बाजूला ठेवून करणार काय? जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून एनआयटी (केंद्र सरकारचं अभियांत्रिकी कॉलेज) हवी असेल तर बारावीला ७५ टक्के (किंवा आपल्या बोर्डात पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत नंबर) लागतातच.

खरी ओढाताण जानेवारीत. प्रिलिम (बोर्डाआधीची कॉलेजातली सराव परीक्षा), जर्नलवरच्या म्हणजे प्रयोगवहीवरच्या सह्या आणि जेईईचं पहिलं सत्र, सगळं एकदमच अंगावर येतं. माझी भाची डोंबिवलीहून दादरला क्लासला जाते. लोकलमध्ये उभ्याउभ्या सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया तेवढ्या घोकते; गणिताला हातही लावत नाही, त्या गर्दीत वही उघडणार कुठे? जर्नल मात्र दिवाळीच्या सुट्टीतच उरकून टाका.