घरची ओट्स-चॉकलेट चिप कुकी : सीमाभागातील स्वयंपाकघरांचे अनुभव

चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी १९३०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, रूथ वेकफील्ड यांच्या टोल हाउस इनमध्ये प्रसिद्धीस आली. आपल्या भागात ती ओट्स घालून घरी करणाऱ्यांनी लोणी, गूळ, हवा आणि ओव्हन यांविषयीचे अनुभव प्रमाणांसह लिहावेत, ही विनंती.

टिळकवाडी, बेळगाव
आमच्याकडे घरी घुसळलेले लोणीच वापरले जाते. विकतच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, तर घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहिल्यामुळे पाणी अधिक असते आणि त्या पाण्याने कुकी केकसारखी मऊ होते. म्हणून मी लोणी थंड पाण्यात धुऊन, मलमलीत दाबून, मगच ११५ ग्रॅम मोजून घेते. त्याला १०० ग्रॅम किसलेला गूळ, ५० ग्रॅम साखर, एक अंडे, ९५ ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम ओट्स, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि १५० ग्रॅम चॉकलेट लागते. लोणी अळणी असल्यामुळे मीठही घालावेच. मिश्रण तासभर फ्रीजमध्ये ठेवणे मी अनिवार्य मानते, कारण स्निग्धांश घट्ट झाला की कुकी भाजताना पसरट होत नाही आणि तेवढ्या वेळात ओट्सही ओलावा शोषून घेतात. १८० अंश सेल्सिअसवर अकरा-बारा मिनिटांत कडा तांबूस होतात; मधला भाग तेव्हा कच्चा वाटला तरी कुकी बाहेर काढावी, कारण तापलेल्या ट्रेवर ती आणखी शिजते.

निपाणी
ताईंच्या प्रमाणात गूळ आहे, हे मला विशेष पटले. मूळ कृतीतील ब्राऊन शुगरमध्ये मळीचा अंश असतो आणि त्यातील आम्लतेमुळे सोडा फुलतो; निव्वळ पांढऱ्या साखरेने ते काम होत नाही. मात्र गुऱ्हाळावरून आणलेला ताजा गूळ ओलसर असतो, त्यामुळे मी त्या दिवसांत मैदा एक-दोन चमचे वाढवतो. गूळ किसण्याआधी त्यातील चोथा पाहून घ्यावा, नाहीतर तो नेमका दाताखाली येतो.

खानापूर
आमच्याकडील पावसाळ्यात कुकी झाकून ठेवली तरी संध्याकाळपर्यंत सादळते. १५० अंशांवर पाच मिनिटे पुन्हा तापवून, पूर्ण थंड करून डब्यात भरली की कडा पुन्हा कुरकुरीत होतात. वीज गेली तर शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये मिठाचा थर देऊन, वर जाळी ठेवून मंद आचेवर भाजता येते, पण वरची बाजू फिकी राहते आणि तळ लवकर करपतो. माझ्या मते हा उपाय केवळ अडचणीपुरता आहे.

चिकोडी
अंडे न खाणाऱ्यांसाठी जवसाची एक मोठा चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी. जवस आपल्या घरी चटणीसाठी असतेच. कुकी थोडी दाट होते, एवढाच फरक.

शहापूर, बेळगाव
कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलापासूनचा स्निग्ध पदार्थ असतो, म्हणून ते स्वस्त पडते, परंतु जिभेवर मेणचट लागते. मी चांगली डार्क वडी घेऊन सुरीने ओबडधोबड तुकडे करते. ओट्स मात्र जाडच घ्यावेत. झटपट शिजणारे ओट्स मिश्रणात विरघळल्यासारखे होतात आणि मग कुकी चावताना ओट्स जाणवतच नाहीत.