अँटिबायोटिकची सवय शरीराला होत नाही

खानापूरकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, "सारख्या अँटिबायोटिक गोळ्या खाल्ल्या की शरीराला सवय होते, मग जास्त ताकदीची लागते." सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून लिहितोय. शरीराचा इथं संबंध नाही! कोट्यवधी जंतूंत थोडे मूळचेच चिवट असतात. गोळीनं बाकीचे मरतात, रान मोकळं होतं आणि चिवटांचीच पिलावळ वाढते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. तो जंतू पुढं गोळी कधीच न खाल्लेल्या शेजाऱ्यालाही गाठतो. फ्लेमिंगनं 1945 सालीच नोबेलच्या भाषणात हा धोका सांगितला होता.

निपाणीची सून: सांगायला सोपं आहे ओ. तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बाईचा एक खाडा झाला की मजुरी बुडते, वर डॉक्टरची फी. मेडिकलवाला दोन गोळ्या देतो, ताप उतरतो. तिनं डार्विन ऐकत बसायचं?

खानापूरकर: सर्दीतापाचे बहुतेक व्हायरस असतात, त्यांना अँटिबायोटिक लागूच पडत नाही. ताप आपसूक उतरतो, नाव गोळीचं होतं.

शहापूर पेठ: दवाखान्यातल्या चिठ्ठीवर सगळं कानडीत. माझ्या आईनं दोन वेळची गोळी एकदाच घेतली, जखम चिघळली. याला जबाबदार जंतू का?

चिकोडी रोड: झालं, आला सीमाप्रश्न! पाकिटावरची लाल रेघ कानडी आहे का? 2016 पासून सरकार सांगतंय, रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि शेजाऱ्याला विचारायला काय झालं?

शहापूर पेठ: आजारी म्हातारीनं दारोदार चिठ्ठी फिरवायची? 1956 पासून हेच ऐकतोय, शेजाऱ्याला विचारा! कर आम्हीही भरतो.

चिकोडी रोड: इतक्या वर्षांत चार ओळी वाचण्यापुरतं कानडी शिकता आलं असतं. आमची पोरं दोन्ही भाषा वाचतात.

शहापूर पेठ: पोरं वाचतील. सत्तरीच्या बाईला शाळेत घालू?

निपाणीची सून: रेघ तरी कुठं दिसते? पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या कागदाच्या पुडीत देतात. नाव, तारीख दुसऱ्याच तुकड्यावर. शिवाय 2017 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनीच लिहिलं की कोर्स उगाच लांबवू नका. मग आम्ही लवकर थांबवलं तर चुकलं कुठं?

खानापूरकर: पुडीचं मान्य. चिठ्ठीही पेशंटला वाचता येईल अशाच भाषेत हवी, एवढं शहापूरवाल्यांचं बरोबर. पण कमी दिवस किती ते डॉक्टरनं ठरवायचं, उतरलेल्या तापानं नव्हे. टीबीत तर मुळीच नाही. तिथं सुरुवातीला चार औषधं एकदम देतात, कारण एकाला पुरून उरलेला जंतू दुसऱ्यानं मरतो. त्यातलं एक जरी मनानं बंद केलं तरी त्याला वाट मिळते.

शहापूर पेठ: हेच आईला कुणीतरी मराठीत सांगायला हवं होतं.